मागची मोकळी जागा आणि एकोणीस गाड्या: सोलापुरातल्या एका सोसायटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून चारेकशे मीटरवर ही सोसायटी आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या दोन इमारती, मिळून २८ फ्लॅट. नाव, नेमकी जागा आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. २०२३च्या उन्हाळ्यात मला तिथे बोलावलं गेलं ते पेव्हर ब्लॉकचं अंदाजपत्रक काढायला. पुढे येणं-जाणं वाढलं, सभांना बसलो, त्यामुळे बरंचसं जवळून पाहिलं.

इथे पहिल्यांदा राहायला आले ते रेल्वेतले, बँकेतले, जिल्हा परिषदेतले नोकरदार, दोन सूतव्यापारी, एक-दोन प्राध्यापक. दारात स्कूटर, फार तर एखादी मारुती ८००. मंजूर नकाशात इमारतींखाली ११ गाड्यांची जागा आहे, पण त्या काळी ती कधी भरत नसे. रिकाम्या जागेत संध्याकाळी कॅरम चालायचा. इमारतींच्या मागे मोकळी जागा, तिच्यात चार कडुनिंब, एक कट्टा, एक बोअर. चैत्र-वैशाखात कुरडया-सांडग्यांचं वाळवण तिथेच, पोरांचं क्रिकेट तिथेच आणि ज्येष्ठांची सकाळची बैठकही तिथेच.

पंचवीस वर्षांत शहर पसरलं. जुळे सोलापूर भरलं, सैफुलच्या पुढे वस्ती गेली, होटगी रोडला इमारती उभ्या राहिल्या. दवाखाने, क्लास, चांगल्या म्हणवणाऱ्या शाळा एकमेकांपासून लांब लांब गेल्या. मुख्य रस्त्यावर पूर्वी सिटी बस भरवशाने मिळायची. तिच्या फेऱ्या हळूहळू इतक्या कमी झाल्या की लोकांनी वाट बघणंच सोडलं. तिची जागा शेअर रिक्षांनी घेतली, पण त्यांचा रात्री आठनंतर भरवसा नाही. गाडी घेण्यामागे हौस नव्हती असं मी म्हणणार नाही, हौस होतीच. पण २८ घरांतल्या बहुतेकांनी गाडी घेतली तेव्हा त्यांच्यासमोर एखादी ठोस गैरसोय होती: आईचा गुडघा, मुलीचा संध्याकाळचा क्लास, चिंचोळीच्या एमआयडीसीतली नोकरी. पुढचं सगळं समजायला हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर गाडीवाले विरुद्ध बिनगाडीवाले असं भांडण समोर दिसत राहतं.

अडचण कुठे उघडी पडली

२०२३च्या मे महिन्यात सोसायटीत १९ गाड्या होत्या. त्या १६ घरांच्या. तीन घरांत दोन-दोन, बारा घरांत एकही नाही. अकरा गाड्या आत, आठ बाहेर गल्लीत, दोन्ही बाजूंनी.

सोलापुरात नळाला तेव्हा रोज पाणी येत नव्हतं, चार-पाच दिवसांआड यायचं, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. उन्हाळ्यात बोअर उतरला की टँकरशिवाय गत नसते. अशाच एका दिवशी टँकर आला आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकला. दोन गाड्यांचे मालक गावाला गेलेले, एकाची किल्ली सापडेना. टँकरवाल्याने शेवटी पाइपाला पाइप जोडून लांबूनच पाणी द्यायला घेतलं. पाइप चार गाड्यांच्या बॉनेटवरून आत ओढला. मधला जोड सुटला, अर्धं पाणी गटारात गेलं आणि उरलेलं एका नव्या गाडीच्या उघड्या काचेतून आत. गाडीचे मालक खाली धावत आले. "आधी माझी सीट भरून द्या, मग पाण्याचं बोला!" वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "सीटचं काय घेऊन बसलाय दादा, हिथं प्यायला पाणी नाही की!" त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे लिहिलं गेलं त्यामुळे दोन घरांचं बोलणं पुढे वर्षभर बंद राहिलं.

आठवड्याभरात विशेष सभेची मागणी आली. प्रस्ताव साधा होता: मागच्या जागेतले दोन कडुनिंब काढायचे, कट्टा पाडायचा, पेव्हर ब्लॉक बसवून नऊ गाड्यांची सोय करायची. खर्च साडेसहा लाख, म्हणजे घरटी तेवीस हजारांच्या वर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही तेवढेच द्यायचे.

बोलावलं होतं अंदाजपत्रकाला, पण जागा पाहिल्यावर तीन गोष्टी सांगणं मला भाग वाटलं. ती जागा मंजूर नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेली आहे आणि तिचा वापर सभेच्या ठरावाने बदलत नाही. झाडं तोडायला १९७५च्या झाडांचं संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते, ती गृहीत धरता येत नाही. आणि बोअर त्याच जागेत आहे. शंभर चौरस मीटर जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर ते अडीच हजार लिटर पाणी होतं. आज त्यातलं काही जमिनीत मुरतं, ब्लॉक आणि खालचा काँक्रीटचा थर टाकला की ते सरळ गटाराला लागेल. टँकर अडकला म्हणून गाड्यांना जागा करायची आणि त्या जागेपायी टँकर वाढवायचे, हा व्यवहार मला पटला नाही. मी तसं स्पष्ट लिहून दिलं.

निर्णयाचा पहिला टप्पा: मतदान की महिनाभर थांबणं

सभेत बहुमत ब्लॉकच्या बाजूने होतं. अध्यक्ष अण्णांचा स्वभाव वाद मिटवायचा, त्यांना हात वर करून मोकळं व्हायचं होतं. मतदान झालं असतं तर ठराव मंजूर झाला असता, आणि मग परवानग्यांच्या फेऱ्यांत किंवा कोर्टात अडकला असता.

बँकेत नोकरी करणाऱ्या सचिवबाईंनी एकच मागणी केली. महिनाभर थांबा, गाड्या कुठे जातात ते पाहू. त्यांच्या लक्षात आलं होतं की वॉचमनकाका पूर्वी झालेल्या एका मोटारसायकल चोरीपासून गेटवर वही ठेवतात, बाहेर जाणारी आणि आत येणारी प्रत्येक गाडी वेळेसकट लिहितात. नवीन काही करायचंच नव्हतं. जुनी पानं काढून बेरीज करायची होती.

वहीतून निघालं ते असं: सहा गाड्या रोज कामाला जातात. पाच गाड्यांचं काम मुख्यतः मुलांना सोडणं-आणणं. उरलेल्या आठ आठवड्यातून एक-दोनदाच हलतात, त्याही बहुधा रविवारी. बाहेर गल्लीत राहणाऱ्या गाड्याही आठच. सगळ्या त्याच होत्या असं नाही, पण आकडा ऐकल्यावर सभेतला आवाज खाली आला.

हा टप्पा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. तोवर प्रश्न होता "गाड्या ठेवायच्या कुठे?" वहीनंतर पुढच्या सभेत पहिल्यांदा विचारलं गेलं, "आठवडाभर उभी राहणारी गाडी आपण ठेवतो कशासाठी?" उत्तरं मोकळेपणाने आली. तुळजापूर-अक्कलकोटला जायला. पाहुणे आले की स्टेशनला. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठायला. पण आठपैकी पाच घरांनी सगळ्यात आधी जे सांगितलं ते एकच होतं: रात्री-अपरात्री काही झालं तर?

समोर आलेले पर्याय

ब्लॉकचा पर्याय वर आलाच. दुसरा होता शेजारचा रिकामा प्लॉट भाड्याने घेणं. प्लॉटमालक तयार होता, पण लेखी करार करायला नाही. उद्या बांधकाम काढलं की जागा सोडायची. तिसरा, दोन मजली यांत्रिक पार्किंग. इमारतीखालची उंचीच त्याला पुरत नव्हती, त्यामुळे तो पाच मिनिटांत संपला.

चौथा पर्याय सोडतीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची तरतूद आहे: जागेपेक्षा गाड्या जास्त असतील तर दरवर्षी सोडत काढायची आणि जागा उरली तरच एखाद्या घराला दुसरी द्यायची. हे इतकी वर्षं कागदावर होतं. अडचण अशी की तीन घरांचा दावा होता, "आम्ही बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलंय." सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या निकालात सांगितलं आहे की इमारतीखालचं किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. हे वाचून दाखवल्यावर त्यातले एक गृहस्थ फार दुखावले. त्यांनी त्या काळी खरोखर पैसे मोजले होते. कायदा सोसायटीच्या बाजूने असला तरी त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. हे सभेने ऐकून घ्यायला हवं होतं तेवढं ऐकलं नाही.

पाचवा पर्याय सचिवबाईंनी मांडला आणि तो सुरुवातीला कोणालाच पर्याय वाटला नाही. आठ उभ्या गाड्या आणि पाच शाळा-क्लासच्या गाड्या ज्या फेऱ्यांसाठी ठेवल्या आहेत त्या एकेक करून घ्यायच्या आणि प्रत्येकीला दुसरी सोय आहे का ते बघायचं. कोणाला गाडी विका म्हणायचं नाही.

यावर सभेत एक वाक्य आलं, जे मी सगळीकडे ऐकतो: "आता सगळ्यांकडेच गाड्या आहेत, जमाना बदललाय मालक." २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात चारचाकी असलेली घरं साडेसात टक्क्यांच्या आसपास आहेत. दुचाकी निम्म्या घरांत, सायकलही निम्म्या घरांत. आपल्या वर्गाच्या गल्लीतून पाहिलं की सगळ्यांकडे गाडी दिसते. विडी वळायला, यंत्रमागावर जायला निघालेला सोलापूरचा पूर्व भाग पायी, सायकलवर आणि शेअर रिक्षाने चालतो. या सोसायटीतही बारा घरं गाडीविना होती आणि त्यांनी घरटी तेवीस हजार भरून नऊ गाड्यांना जागा करून द्यावी असा प्रस्ताव होता. शहराच्या पातळीवर हेच रोज घडतं, फक्त तिथे त्याचं बिल कोणाच्या हातात पडत नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यायचं असं लिहून ठेवलं आहे. आपण रस्ता रुंद करतो तेव्हा सगळ्यात आधी फुटपाथ जातो. म्हणून समाजाने गाडीवरचं अवलंबन कमी करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम हो असं आहे, पण त्या उत्तराची सुरुवात गाडीवाल्याला बोल लावून होत नाही हे मला या प्रकरणाने दाखवलं.

काय केलं

सगळ्यात आधी रात्रीचा प्रश्न घेतला गेला, कारण बाकी सगळं त्यावर अडलं होतं. अकरा गाडीवाल्या घरांनी नावं दिली. दर आठवड्याला दोन घरांची पाळी, त्यांची नावं आणि नंबर लिफ्टशेजारच्या फळ्यावर. रात्री कोणाच्याही घरी काही झालं तर त्यांना उठवायचं, संकोच करायचा नाही. १०८ची रुग्णवाहिका आहेच, पण ती येईपर्यंतच्या वेळात शेजारची गाडी निघालेली बरी, असं ठरलं. भरवशाच्या तीन रिक्षावाल्यांचे नंबरही खाली लिहिले.

पहिल्याच पावसाळ्यात ब इमारतीतल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या छातीत रात्री अडीचला दुखायला लागलं. त्यांच्या पत्नीने फळा पाहिलाही नाही, पाठ झालेलं नाव होतं. दोन मजले खालचा तरुण लुंगीवरच निघाला. अँजिओप्लास्टी झाली, काका चालत घरी आले. त्यानंतर दिवाळीच्या आधी दोन ज्येष्ठ घरांनी आपल्या गाड्या काढल्या. त्यांतल्या एका काकूंचं म्हणणं साधं होतं, "आम्ही ती गाडी त्या एका रात्रीसाठीच ठेवली होती."

दुसरी गोष्ट चारशे मीटरची. शेअर रिक्षा मुख्य रस्त्यावर मिळते, मग लोक नवी पेठेच्या बाजारात किंवा सात रस्ता चौकात जायला तिथवर चालत का जात नाहीत? सचिवबाई आणि दोन सदस्य संध्याकाळी सातला ते अंतर चालून आले. गटारावरच्या तीन फरशा गायब, दोन खांबांवर दिवा नाही, एका बांधकामाचा वाळूचा ढीग चालायच्या कडेवर आणि कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी. पिशवी हातात घेऊन साठीची बाई तिथून जाणार नाही. पोरगी तर आई पाठवणारच नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांत जवळपास पाचातलं एक पायी चालणारं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. या गल्लीत त्याचा अर्थ तीन फरशा आणि दोन दिवे एवढाच होता. फरशा सोसायटीने शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घेऊन टाकल्या, पन्नास हजारांच्या आत काम झालं. दिव्यांसाठी अर्ज केला. महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते, नगरसेवकाला गाठायची सोय नव्हती. फोन, स्मरणपत्रं करत सात महिने गेले. वाळूचा ढीग बांधकाम संपल्यावरच गेला.

पेव्हरचे साडेसहा लाख आणि फरशांचे पन्नास हजार हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतो. पहिल्यातून नऊ गाड्यांची सोय झाली असती. दुसऱ्यातून तीन सोसायट्यांमधल्या सगळ्यांना रस्त्यापर्यंत जाता यायला लागलं.

मुलांच्या क्लाससाठी दोन रिक्षा महिन्यावर ठरवल्या. रिक्षावाल्यांनी आधी सहा-सहा मुलं बसवायचा हिशेब सांगितला होता. पालकांनी तीनच्या वर नाही असं ठरवून त्याप्रमाणे पैसे वाढवून दिले, आणि हे योग्यच झालं. चिंचोळीला जाणारे दोघे एकाच वेळेला दोन गाड्या घेऊन निघत. ते एक आठवडा याची, एक आठवडा त्याची असे जाऊ लागले. देवदर्शनाच्या गाड्यांचा प्रश्न निम्मा एसटीने सोडवला: ७५च्या वरच्यांना प्रवास मोफत, बायकांना निम्मं तिकीट, आणि तुळजापूरच्या गाड्या स्टँडवरून थोड्या थोड्या वेळाने सुटतात. उरलेल्या निम्म्यासाठी भाड्याची गाडी परवडते. सभेत एकाने हिशेब मांडला की नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी सात लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता अकरा हजारांच्या वर जातो. विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल वेगळंच. दीडशे रुपयांची एक रिक्षा धरली तर तेवढ्या पैशात महिन्याला सत्तरच्या वर फेऱ्या होतात. त्या आठ गाड्यांपैकी एकही इतकी हलत नव्हती.

शेवटी सोडत. ऑगस्ट २०२३पासून एका घराला एकच जागा, दरवर्षी नवी सोडत, पहिल्या गाडीला महिना तीनशे रुपये. जागा उरली तरच दुसरी गाडी, तिला पंधराशे. अकरातली एक जागा दुचाकी-सायकलींना दिली. अडीच बाय पाच मीटरच्या त्या चौकोनात सहा स्कूटर मावल्या. गल्लीत गाड्या लावायच्या तर एकाच बाजूला, टँकरच्या बाजूला नाही, हेही लेखी ठरलं.

जिथे चुकलं

पहिल्या सोडतीत पहिल्या मजल्यावरच्या एका घराची जागा गेली. त्यांचा मुलगा व्हीलचेअरवर असतो. आई त्याला आठवड्यातून दोनदा थेरपीला नेते. वहीच्या हिशेबात त्यांची गाडी त्या आठ 'उभ्या' गाड्यांमध्ये मोजली गेली होती. फेऱ्या कमी, म्हणून गरज कमी, असा अर्थ सगळ्यांनी न बोलता काढला होता. पुढचे तीन महिने ती माउली मुलाला उचलून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची. कोणाकडे तक्रारही केली नाही. एका दुपारी वॉचमनकाकांनी खुर्ची ढकलायला हात लावला आणि वर येऊन अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, हे बरं नाही." नोव्हेंबरच्या विशेष सभेत एक जागा अपंगत्व असलेल्या सदस्यांसाठी कायमची राखीव झाली, सोडतीला नऊ उरल्या.

मला हा संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग वाटतो. गाड्या कमी करायच्या म्हणताना ज्याला गाडीशिवाय खरंच बाहेर पडता येत नाही त्याचं नाव यादीत सगळ्यात वर हवं होतं. बाकीच्यांनी गाड्या कमी वापरायच्या त्या याच माणसांना रस्ता आणि जागा मोकळी मिळावी म्हणून. वहीने किती वेळा ते सांगितलं. कोणासाठी, हे विचारायला घरोघरी जावं लागलं असतं, आणि २८ घरांत ते एका रविवारचं काम होतं.

दुसरं चुकलं ते एका घरात. क्लासची रिक्षा मुलाला आवडेना, तर सोळा वर्षांच्या त्या पोराच्या हातात आईची स्कूटी दिली गेली. कायद्याने त्या वयाला पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी परवान्यासह चालवता येते, रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटी त्यात बसत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समितीने दोनदा समजावलं. पोरगा गल्लीच्या कोपऱ्यावर घसरला, कोपराला टाके पडले, मग स्कूटीची किल्ली कपाटात गेली. मोठ्या मुलांना लहानांबरोबर कोंबणारी रिक्षा नको असते, त्यांना सायकल हवी असते, आणि विजापूर रोडवर सायकल घालायला आईबाप धजत नाहीत. यावर सोसायटीच्या हातात उत्तर नव्हतं.

परिणाम

२०२४ संपताना १९च्या १५ गाड्या झाल्या होत्या. दोन घरांनी दुसरी गाडी विकली, दोन ज्येष्ठ घरांनी एकुलती एक काढली, एका घराची जुनी गाडी भंगारात गेल्यावर त्यांनी नवी घेतली नाही. आणि एका घराने याच काळात नवी गाडी घेतली, मुलीच्या नोकरीसाठी. आत दहा गाड्या, पाच बाहेर, गल्लीच्या एका बाजूला. २०२४च्या उन्हाळ्यात टँकर इमारतीपर्यंत आला.

मागची जागा तशीच आहे. बोअर तरीही उन्हाळ्यात उतरलाच, कारण एका सोसायटीच्या मातीने अख्ख्या भागाचं भूजल सावरत नाही. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत तो चालला याचं समाधान रहिवाशांना होतं. चिंचोळीची भागीदारी एकाची पाळी बदलल्यावर चार महिन्यांत मोडली, पुन्हा सुरू झाली नाही. नवी पेठेला शेअर रिक्षाने जाणं बायकांनी सर्रास सुरू केलं, मात्र सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी चारशे मीटर चालायला कोणी तयार नाही, आणि त्या वाटेवर एकही झाड नसताना तशी अपेक्षा करणंही चुकीचं आहे. रात्री आठनंतर परतीची सोय आजही नाही. सिटी बसच्या फेरीसाठी तीन सोसायट्यांनी मिळून सह्यांचं निवेदन दिलं, त्याला उत्तर आलेलं नाही.

ज्यांनी पार्किंगचे पैसे बिल्डरला दिले होते ते गृहस्थ सभांना येत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. रात्रीची पाळी, चालायची वाट, रिक्षा या सोयी आधी उभ्या राहून सहा महिने चालायला हव्या होत्या आणि सोडत नंतर यायला हवी होती. इथे सगळं तीन महिन्यांत एकत्र आलं, म्हणून अनेकांना सोडत ही शिक्षा वाटली आणि बाकीच्या सोयी त्या शिक्षेवरची मलमपट्टी. दुसऱ्या गाडीचे पंधराशे रुपये लावले ते ठीकच, पण त्यातून जमा होणारे पैसे कुठे जातील हे ठरावात लिहिलं नाही. ते वाटेवर झाडं लावायला आणि त्यांना पहिली दोन वर्षं पाणी घालायला राखून ठेवले असते, तर देणाऱ्यालाही ते वेगळे वाटले असते.

बिल्डरला पैसे दिलेल्या तिघांना पहिली दोन वर्षं सोडतीतून वगळून जागा देता आली असती. कायद्याने तशी गरज नव्हती, पण दोन वर्षांच्या सवलतीत तीन घरं बरोबर राहिली असती.

शेजारच्या सोसायट्यांना पहिल्या दिवसापासून घ्यायला हवं होतं. एका सोसायटीच्या पंधरा-वीस गाड्यांत फार काही वाटून घेता येत नाही. तीन सोसायट्यांची मिळून सत्तरच्या वर घरं होतात. तेवढ्यांत भाड्याच्या एका गाडीचा आणि चालकाचा महिन्याचा खर्च निघतो, रिक्षांनाही दिवसभर धंदा मिळतो, आणि बसच्या निवेदनावर सह्याही जास्त पडतात. हे सगळ्यांना पटलं ते फरशांचं काम एकत्र झाल्यावर.

येत्या वार्षिक सभेसमोर तीन विषय आले आहेत: तिन्ही सोसायट्यांत मिळून भाड्याची एक गाडी ठेवणं, मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवर बारा झाडं लावायची परवानगी मागणं आणि ज्या घराने नवी गाडी घेतली त्यांचा जास्तीच्या जागेसाठीचा अर्ज. तिसऱ्या विषयावर समितीत अजून एकमत नाही.